ट्रॅक्टर-मळणी बुकिंगचं अ‍ॅप: यूआयवाल्यानं जीव लावला, यूएक्सवाला धुऱ्यावरूनच वापस गेला

पहिलेच सांगतो, अ‍ॅपचं नाव लिहून नाही राहिलो. कंपनी लहान आहे, पोट्टे आपल्याच भागातले दिसतात, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. दारव्हा-दिग्रसकडच्या ज्यांच्या फोनमध्ये आहे ते चार ओळी वाचून समजून जातीन.

अ‍ॅप कशाचं आहे तर घरबसल्या ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, मळणीयंत्र, फवारणीचा मोठा पंप भाड्यानं बोलवायचं. मी गावात ऑनलाइनचं दुकान चालवतो, सातबारा काढणं, पीक विमा भरणं, पोट्ट्यांचे फॉर्म हेच काम, त्यामुळं स्वतःच्या सोयाबीनसाठी वापरलं ते वापरलंच पण सीझनमध्ये अर्ध्या गावाचं बुकिंग माझ्याच काउंटरवर झालं. म्हणजे हा रिव्ह्यू माझ्या एकट्याचा नाही असं समजा.

प्ले स्टोअरवर खाली पाहिलं तर दोनच जातीचे रिव्ह्यू, एक "लय भारी अ‍ॅप" अन् दुसरा "बेकार, पैसे वाया". दोघंही खरं बोलून राहिले पण दोघं वेगवेगळ्या गोष्टीबद्दल बोलून राहिले, अन् ही गोष्ट मलाही नीट समजली ती दिवाळीत, माझी मावसबहीण पुण्याहून आली तेव्हा. ती तिकडं यूएक्स डिझायनर आहे, यूएक्स म्हणजे युजर एक्सपीरियन्स, वापरणाऱ्याचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं होईन ते आखणं. घरात सगळे म्हणतात "कॉम्प्युटरवर चित्रं काढते", ती चिडते. तिनं माझा फोन घेतला, ओट्यावर बसून अ‍ॅप उलटंपालटं केलं अन् म्हणाली, "दादा, ह्यांचा यूआयवाला हुशार आहे रे, पण यूएक्सचं काम कोणी केलेलं दिसत नाही, केलं असंन तर अर्धं सोडलं." मग मी तिला धरूनच बसवलं, एकेक तक्रार काढायचो अन् विचारायचो, ही कोणाच्या टेबलावर जाईन ते सांग.

तर पहिले यूआयचं, कारण तिथं खरंच दाद द्यावी लागते. यूआय म्हणजे युजर इंटरफेस, डोळ्याला दिसते अन् बोटाला लागते ते सगळं, अक्षर केवढं, रंग कोणता, बटण कुठं, दाबल्यावर काय होते. ह्या अ‍ॅपमध्ये गडद हिरव्यावर पांढरं अक्षर आहे अन् ते भर दुपारी बाराच्या उन्हात वावरात उभं राहूनही वाचता येते. बहीण म्हणाली ह्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात अन् त्याचं माप ठरलेलं आहे, साध्या अक्षरासाठी अक्षर अन् मागचा रंग ह्यांच्यात किमान ४.५ ला १ एवढा फरक पाहिजे, असा वेबसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आपल्याकडं बरेच अ‍ॅप पांढऱ्यावर फिक्कं राखाडी अक्षर टाकतात, एसी ऑफिसमध्ये छान दिसत असंन, वावरात फोनवर हाताची सावली करून पाहावं लागते.

बटणं पण ऐसपैस आहेत. अँड्रॉइडवाल्यांचा सल्ला आहे की बोट लावायची जागा ४८ डीपी (स्क्रीनवरचं माप) म्हणजे साधारण ९ मिलिमीटरच्या खाली नसावी. कापूस वेचून, डवरे धरून बोटं चिरलेली राहतात आपल्या लोकांची, बारीक बटण दाबलं की बाजूचंच दबते, इथं तसं होत नाही. मराठी अक्षराची तर कमाल आहे, वेलांटी-रफार वरून कापलेले नाहीत अन् उकार खालच्या ओळीत घुसत नाही, इंग्रजीच्या मापानं ओळी बसवल्या की हमखास होते ते. बुकिंग पक्कं झालं की नुसता हिरवा रंग नाही, सोबत टिकमार्क अन् "पक्कं झालं" असा शब्द, म्हणजे ज्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यालाही कळते. बटण दाबल्यावर ते लगेच दबल्यासारखं दिसते अन् फिरतं चक्र येते, नाहीतर नेट स्लो असलं की आपले लोक चारचारदा दाबतात. हे सगळं कोणीतरी एकेक बारीक गोष्ट धरून बसवलेलं आहे, आपोआप होत नाही.

यूआयची एक चूक मात्र चांगलीच नडली. मळणीयंत्राच्या जागी चित्र टाकलं हार्वेस्टरचं! अन् खाली नाव बारीक अक्षरात. आता आमच्याकडं सोयाबीन सोंगून गंजी लावून ठेवलेली राहते, तिथं हार्वेस्टर येऊन काय करीन? लोक चित्र पाहून म्हणायचे हे नाही, अन् मागं जायचे. अ‍ॅपमध्ये मळणीयंत्रच नाही असा गावात बोभाटा झाला होता. एवढंस्सं चित्र, पण शुद्ध यूआयवाल्याच्या टेबलावरची चूक, अन् बदलाला अर्धा तास लागत नसंन.

आता यूएक्स. इथं मात्र हात सैल सोडतो.

मळणीयंत्र निवडलं की अ‍ॅप विचारते "किती तासांसाठी हवे?" अन् १, २, ३, ४ असे गोल गोल सुंदर बटणं. आमचे एक काकाजी आले दुकानात, पाच एकराची गंजी लावलेली, वरून ढग भरून राहिलेले. मी विचारलं, काकाजी किती तास टाकू? ते माझ्याकडं पाहतच राहिले.

"तासाचं मले काय इचारतं बाप्पा, मी का मशीन आहो? गंजी पाय ना येऊन."

"अ‍ॅपमध्ये गंजी टाकायला जागा नाही ना जी."

"मंग पोते टाक. अठरा-ईस होतीन."

पोते टाकायलाही जागा नव्हती. आमच्याकडं मळणी पोत्यावर चालते हे लहान पोट्टंही सांगीन, एका पोत्यामागं इतके रुपये, झालं. अन् तसं असण्याला कारण आहे, माल ओला असला की मशीन दमानं चालते, कडक वाळला असला तर सर्रकन निघते, मशीन जुनी असली तर मधातच बंद पडते. तासानं भाडं दिलं तर ह्या सगळ्याचा भुर्दंड शेतकऱ्यावर, पोत्यानं दिलं तर मशीनवालाही हात चालवते. म्हणजे हा हिशोब लोकांनी अनुभवातून बसवलेला आहे, अ‍ॅपवाल्यानं तो न विचारता मोडला. काकाजीचे मी अंदाजे दोन तास टाकले, मशीन आली, मशीनवाला उतरल्या उतरल्या म्हणे "अ‍ॅपचं राहू द्या, पोत्याचा काय देता बोला." दोघांनी बांधावर सौदा केला, अ‍ॅपमध्ये दोन तासाचं बिल दिसत होतं ते कोणीच पाहिलं नाही.

बहिणीला हे सांगितलं तर ती हसली नाही, तिनं वहीत लिहून घेतलं. म्हणे हेच आमचं काम असते. यूएक्सवाल्यानं एकही स्क्रीन काढायच्या आधी अशा दहा-पंधरा लोकांशी बोलायचं, मशीनवाल्याच्या मागं एक दिवस फिरायचं, आज हे काम अ‍ॅपशिवाय कसं होते ते पाहायचं, मग कागदावर रस्ता आखायचा की माणूस कुठून सुरू करीन, काय विचारायचं, काय नाही विचारायचं, कुठं अडकीन. त्याला युजर फ्लो म्हणतात. मग बिनरंगाचे साधे चौकोन काढलेले स्क्रीन, म्हणजे वायरफ्रेम, ते लोकांच्या हातात देऊन पाहायचं. "किती तास?" हा प्रश्न तिथंच पडला असता, एक रंग भरायच्या आधी. आता त्याच चुकीच्या प्रश्नाला यूआयवाल्यानं सुंदर गोल बटणं दिलीत. त्याचा काय दोष, त्याच्याकडं जे आलं ते त्यानं सजवलं.

लोकेशनचंही तसंच. अ‍ॅप फोन जिथं आहे तिथली जागा उचलते. शेतकरी बुकिंग करते संध्याकाळी, घरी, किंवा माझ्या दुकानात. मशीन पाहिजे वावरात, गावापासून तीन किलोमीटर पांदण रस्त्यानं, नाल्याच्या पल्याड. सीझनच्या सुरुवातीला सकाळी सकाळी ट्रॅक्टरवाले माझ्या दुकानासमोर येऊन उभे राहायचे, "इथंच दाखवून राहिलं भाऊ." नकाशावर बोटानं पिन सरकवता येते, ते पण गुळगुळीत सरकते, मजा येते पाहायला, पण नकाशात आमचं अख्खं शिवार म्हणजे एक हिरवा पट्टा, त्यात आपलं वावर कोणतं ते ओळखायला पाखराची नजर पाहिजे.

अन् ओटीपी! मशीन वावरात पोचली की शेतकऱ्याच्या फोनवर नंबर येते, तो सांगितल्याशिवाय मशीनवाल्याला काम सुरू करता येत नाही. अरे पण वावरात नेटवर्क कुठं आहे? आमच्या शिवारात एक कडूनिंबाच्या झाडाजवळ दोन काड्या येतात तर येतात. ओटीपीचा स्क्रीन दिसायला एकदम देखणा, सहा चौकोन, खाली सेकंद उलटे पळतात. पण यायचा मेसेजच येत नसंन तर त्या सहा चौकोनाची काय आरती करू? हा नंबर आदल्या दिवशी गावात असतानाच देऊन ठेवता आला असता. काय विचारायचं हे जसं यूएक्स आहे तसं कधी अन् कुठं विचारायचं हे पण यूएक्सच, बहिणीचं म्हणणं.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र तिच्याही पहिले लक्षात आली नव्हती, ती आमच्या मशीनवाल्यानं सांगितली. मळणीयंत्र एका शेतकऱ्याकडं येतच नाही, ते शिवारात येते. एकदा नाल्याच्या त्या बाजूला उतरलं की धुऱ्याला धुरा लागून जेवढ्या गंज्या आहेत तेवढ्या काढूनच निघते, कारण पांदणीनं मशीन ओढत नेणं म्हणजे अर्धा दिवस अन् डिझेल. म्हणून शेजारी-शेजारी आपसात बोलतात, तुझी सोंगणी कधी, माझी कधी, एकदमच बोलवू. अ‍ॅपनं काय केलं तर प्रत्येकाचं बुकिंग अलग. मशीन सकाळी ह्या टोकाला, दुपारी त्या गावी, संध्याकाळी पुन्हा आमच्याच शिवारात बाजूच्या धुऱ्यावर. मशीनवाले वैतागून बुकिंग कॅन्सल करायला लागले अन् इकडं शेतकऱ्याला वाटते अ‍ॅप फसवून राहिलं. सोयाबीन थांबत नाही ना बाप्पा, उभं ठेवलं तर शेंगा तडकून दाणे खाली, सोंगून ठेवलं अन् परतीचा पाऊस आला तर गंजीतच कोंब. ह्याच्यात कोणत्या स्क्रीनचा रंग बदलाल? "चार जण मिळून बुक करा" असा रस्ताच पाहिजे होता.

आता न्यायानं बोलायचं तर यूएक्सचं काहीच केलं नाही असंही नाही. रोटाव्हेटरमध्ये जमीन एकरात विचारते अन् खाली स्वतःच हेक्टर दाखवते, पाच एकर टाकले की २.०२ हेक्टर. सातबाऱ्यावर हेक्टर-आर अन् लोकांच्या तोंडात एकर, हा घोळ रोज दुकानात सोडवावा लागते मला, तो इथं कोणीतरी आधीच विचार करून सोडवला. म्हणून म्हटलं की धुऱ्यापर्यंत आला होता माणूस, वावरात उतरला नाही.

दुकानात ह्या गोष्टी चालल्या होत्या तर एक भाऊ म्हणे, "म्हणजे कसं, पोळ्याला बैल सजवते तो यूआयवाला अन् बाजारात बैल पारखून आणते तो यूएक्सवाला, हाव ना?" सगळ्यांनी माना हलवल्या. बहिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणे अर्धं बरोबर. यूआय म्हणजे नुसती झूल अन् बेगड नाही, जू खांद्यावर नीट बसते की कातडं सोलते हे पण यूआयच, त्या हार्वेस्टरच्या चित्रानं मशीन असून लोक वापस गेले ते विसरू नको म्हणे. दोन्ही कामं अलग आहेत पण एक मोठं अन् एक लहान असं काही नाही, अन् मधात एक पट्टा असा आहे की दोघांनी मिळूनच करावा लागते, जसं की काही चुकलं तर दाखवायचा मेसेज काय लिहायचा. ह्या अ‍ॅपमध्ये काही बिघडलं की येते "काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा". काय चुकलं, नेट गेलं की मशीन नाही की माझा नंबर गलत? मोठ्या कंपन्यांत तेवढं लिहायलाही अलग माणूस राहते म्हणे.

ह्या नावांचा इतिहासही तिनं सांगितला, थोडक्यात टाकतो. खिडक्या-चित्रांचा इंटरफेस जुना आहे, अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ साली आल्टो नावाचा कॉम्प्युटर बनला त्यात तो होता. यूएक्स हे नाव मात्र हुद्द्यात आलं ते डॉन नॉर्मन १९९३ मध्ये अ‍ॅपलमध्ये गेला तेव्हा, त्यानं स्वतःला युजर एक्सपीरियन्स आर्किटेक्ट म्हणवून घेतलं. त्याचं म्हणणं, इंटरफेस हा शब्द अपुरा पडते, माणसाचा त्या वस्तूशी, कंपनीशी जेवढा संबंध येते तेवढा सगळा त्यात धरा. म्हणजे पाहा, मशीन माझ्या दुकानासमोर येऊन उभी राहिली तो पण युजर एक्सपीरियन्सच झाला, जरी त्या टायमाला कोणाच्याच हातात फोन नव्हता.

मग असं का होते हे विचारलं तर तिनं मला नोकरीच्या जाहिराती दाखवल्या. नागपूर काय अन् पुणे काय, लहान कंपनीची जाहिरात एकच, "यूआय/यूएक्स डिझायनर पाहिजे, फिग्मा आलं पाहिजे", फिग्मा म्हणजे स्क्रीनचं डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर. एकच पोट्टा दोन्ही कामं करीन. त्यात वाईट काही नाही, लय जण चांगलं करतात, पण मालकाला दर आठवड्याला काहीतरी दिसायला पाहिजे असते. रंगवलेला स्क्रीन दिसते, दहा लोकांशी बोलून आणलेली वही दिसत नाही. म्हणून पहिले काट बसते ती वहीलाच. अन् तासाचा भाव ठेवायचा हे कदाचित डिझायनरनं ठरवलंही नसंन, वरून आलं असंन, त्याच्या नावानं खडे फोडण्यात मतलब नाही.

चाचणी महाग पडते म्हणावं तर तसंही नाही. जेकब नील्सन म्हणून ह्या क्षेत्रातला मोठा माणूस, त्यानं २००० साली लिहिलं होतं की नुसत्या पाच लोकांच्या हातात देऊन पाहिलं तरी वापरातल्या ८५ टक्क्यांच्या आसपास अडचणी सापडून जातात. पाच लोक तर आमच्या पारावर कधीही बसलेले असतात, चहा पाजला तर सहावाही येईन.

कस्टमर केअरबद्दल. मी सगळं लिहून पाठवलं होतं, फोन आला, पोरगी बोलायला एकदम चांगली, पण तिचा एकच प्रश्न, "सर, प्रॉब्लेम कोणत्या स्क्रीनवर आहे?" मी म्हटलं ताई, स्क्रीनवर नाहीच आहे, नाल्याच्या पल्याड आहे. तिच्या फॉर्ममध्ये तसा पर्याय नसावा बहुतेक. पुढच्या अपडेटमध्ये दिवाळीच्या पणत्या लुकलुकायला लागल्या. छान होत्या.

पण त्याच्या नंतरच्या अपडेटमध्ये एक चांगलं काम झालं ते सांगायलाच पाहिजे. आता लोकेशनच्या खाली माइकचं बटण आहे, त्यात आपल्या तोंडानं रस्ता सांगून ठेवायचा. काकाजीनं लगेच रेकॉर्ड केलं, "मारुतीच्या देवळापासून डाव्या हातानं, पांदणीनं सरळ ये, मोटारपंपाची खोली दिसन, तिथून मले हाका मार." ट्रॅक्टरवाला ते ऐकत ऐकत बरोबर पोचला. हे ज्याला सुचलं तो माणूस नक्की कोणत्यातरी वावरात जाऊन आला आहे. अन् त्या माइकचं बटण चांगलं मोठं, दाबून धरलं की लाल होते अन् आवाजाच्या रेघा हलतात, म्हणजे चालू आहे हे कळते, तिथं यूआयवाल्यानंही साथ दिली. हार्वेस्टरचं चित्र मात्र अजून तसंच आहे, तेवढं बदला ना भाऊ.

तर स्टार द्यायचे म्हणाल तर दिसण्या-दाबण्याला साडेचार, अर्धा त्या चित्राचा कापला. काम होण्याला दोन, माइक आला म्हणून, नाहीतर दीड. प्ले स्टोअर एकच आकडा मागते म्हणून तिथं तीन टाकले. रोटाव्हेटर, नांगरणी असलं काम असंन तर बिनधास्त वापरा, ते आमच्याकडं तासावर अन् एकरावर दोन्हीनं चालते, भावात झंझट होत नाही अन् मशीन येते वेळेवर. मळणीसाठी बुक करत असाल तर मशीनवाल्याचा नंबर अ‍ॅपमध्ये दिसते तो आधी लावा, पोत्याचा भाव ठरवा, शेजाऱ्याची गंजी कधीची आहे ते विचारा, मगच बटण दाबा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा निघते, तोवर त्यांनी पोत्याचा पर्याय टाकला तर मी इथंच येऊन स्टार वाढवीन.